रावजी मापाड्याची कवळी

माझ्या तोंडातले दात माझे नाहीत हे मला ओझरच्या विमानतळावर कळलं, तेव्हा विमान सुटायला पाऊण तासही उरला नव्हता. आता हे लिहितो आहे तेव्हा तोंडात कुणाचेच दात नाहीत, कवळी वाटीत भिजते आहे. त्यामुळे यातलं किती खरं धरायचं ते तुमचं तुम्ही बघा. मी विंचूरचा वाल्मीक, एसटीतून रिटायर झालेला ड्रायव्हर. माझ्या गोष्टी निम्म्या भावात घ्यायच्या, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

आमची एकुलती एक लेक हर्षाली हैदराबादला असते. आदल्या संध्याकाळी जावयांचा, रोहितरावांचा, फोन आला. हर्षालीचं ब्लडप्रेशर वाढलंय, डॉक्टर थांबायला तयार नाहीत, उद्या संध्याकाळी पाचला ऑपरेशन करून बाळ बाहेर काढणार. घरात त्या दोघांशिवाय तिसरं माणूस नाही. मग पोरीनं फोन घेतला आणि तीनच शब्द बोलली, "आई, तू ये."

रेल्वेनं निघालो असतो तर आम्ही पोचेपर्यंत बाळ शाळेत गेलं असतं. रोहितरावांनी मोबाइलवर विमानाची दोन तिकिटं काढली आणि इकडे माझ्या बायकोनं, सिंधुबाईनं, स्वयंपाकघरात बसकण मारली. "मी विमानात बसायची नाय. जत्रेतल्या पाळण्यात बसले तर दोन दिवस पोटात गोळा होता."

तेव्हा मी म्हणालो, "अगं, मी सात वेळा बसलोय. काय होत नाय."

हे सात वेळांचं प्रकरण जुनं होतं. वीस वर्षं मी स्टँडवरच्या टपरीत सांगत आलो होतो की दिल्लीच्या सरकारनं मला खास बोलावून नेलं होतं, विमानाच्या ड्रायव्हरांना घाट शिकवायला. चांदवडच्या पुढच्या राहुड घाटात गाडी कशी वळवतात ते त्या सरळ रस्त्याच्या माणसांना काय कळणार? ढगात वळण आलं की हॉर्न द्यायचा, ही पद्धत मी पाडली. सिंधूनं हे कधी खरं मानलं होतं की नाही कोण जाणे, पण त्या संध्याकाळी तिला ते खरं हवं होतं.

"साती वेळा सुखरूप?" तिनं विचारलं.

"समोर बसलोय ना तुझ्या."

"मग माझ्या शेजारी बसायचं. पुढं काय होणारे ते मला आधी सांगायचं. कुठं हादरा बसतो, कुठं पोटात खड्डा पडतो, सगळं."

असं ठरलं. सिंधू विमानात चढणार होती ती माझ्या सात फेऱ्यांच्या भरवशावर, आणि त्यातली एकही फेरी झालेली नव्हती.

हे बोलणं चाललं होतं तेव्हा शेजारचा रावजी आमच्याकडे जेवायला होता. रावजी म्हणजे कांदा मार्केटातला मापाडी. चाळीस वर्षं त्यानं काट्यावर वजनं पुकारली आणि एक खोटा आकडा तोंडातून जाऊ दिला नाही. शेतकरी काट्याकडे बघत नसत, रावजीच्या तोंडाकडे बघत. त्या तोंडातले दात पडले तेव्हा माझेही पडले होते. गावात फुकट दातांचं शिबिर आलं, त्यात एकाच दिवशी, एकाच डॉक्टरकडून दोघांनी कवळ्या करून घेतल्या. भाकरी आमटीत कुस्करून खायची तर कवळीचा त्रासच, म्हणून जेवताना आम्ही दोघंही ती काढून ठेवतो. त्या दिवशीही दोन सारख्या स्टीलच्या वाट्यांत दोन कवळ्या पाण्यात पडल्या होत्या. माझ्या सात फेऱ्या ऐकल्यावर रावजीनं हरकत घ्यायला तोंड उघडलंही होतं. पण नुसत्या हिरड्यांनी काय बोलणार? फूफू करून गप्प बसला. तेवढ्यात लाइट गेली. अंधारात चाचपडत आम्ही हात धुतले, दात बसवले, तो घरी गेला आणि मी झोपलो.

सकाळपासूनच माझं काहीतरी बिनसलं होतं. तोंडात खुळखुळत होतं. जीभ आत कुठे ठेवावी कळेना. मी म्हटलं, प्रवासाची धास्ती असेल.

विमानतळाच्या दारात बंदूकवाल्या जवानानं विचारलं, "बाबाजी, बॅग में क्या है?" आता अशा वेळी माणूस म्हणतो, कपडे आहेत. मी म्हणालो, "डिंकाचे लाडू, दोन लुगडी, एक गोधडी, आणि मोज्यात लपवलेली काडीपेटी अन् तंबाखूची पुडी." जवान माझ्याकडे बघत राहिला. सिंधू त्याच्याहून जास्त बघत राहिली. पुढे काउंटरवर पोरानं वय विचारलं. गेली आठ वर्षं मी पासष्टचा आहे. तोंडातून आलं, "त्र्याहत्तर. आणि गुडघा डावा गेलेला आहे."

"तुम्हाला बरं वाटतंय ना?" सिंधूनं माझ्या कपाळाला हात लावला.

तपासणी होऊन आम्ही आत गेलो. आत एक छोटं मेडिकलचं दुकान होतं. सिंधूला जिथं औषधं दिसतात तिथं धीर येतो, दवाखान्यापेक्षा मेडिकलवर तिचा विश्वास जास्त. ती थेट काउंटरवर जाऊन उभी राहिली, पुन्हा दोन पावलं मागे आली, काचेतून बाहेर उभ्या विमानाकडे बघितलं आणि पुन्हा काउंटरला चिकटली. पिशवीची चेन उघडायची, लावायची, उघडायची. काउंटरमागे संजना नावाची पोरगी होती, नाव छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं.

"काय देऊ, आजी?"

"विमानाला जे जे लागतं ते सगळं दे."

संजनानं सवयीनं समोर मांडायला सुरुवात केली. उलटीची गोळी. आल्याच्या वड्या. छोटी बामची बाटली. कानात घालायचे मऊ बोळे. ओले रुमाल. सिंधू एकेक वस्तू उचलायची आणि माझ्याकडे वळायची.

"हे कानातलं. तुम्ही घालत होतात?"

मी तयारीत होतो. म्हणणार होतो, तिसऱ्या फेरीत घातलं होतं, लष्कराचं खास दिलेलं. तोंड उघडलं, दात खुळखुळले आणि बाहेर आलं, "कधीच नाही."

"म्हणजे लागत नाय?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाय?" तिचा आवाज चढला. "सात वेळा जाऊन माहीत नाय? आन् उलटी? उलटी झाली होती का तुम्हाला?"

"विमानात एकदाही झाली नाही," मी म्हणालो. हे खरंच होतं म्हणून सुळकन बाहेर आलं आणि मला जरा हायसं वाटलं. सिंधूलाही वाटलं. तिनं उलटीची गोळी तरीपण बाजूला काढली, एक नव्हे, पाकीटभर.

माझ्या अंगाला घाम सुटला होता. असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. गोष्ट जिभेच्या टोकावर यायची, पूर्ण रंगरंगोटी करून, आणि दातांच्या फटीत अडकून पडायची. गाळून बाहेर यायचं ते कोरडं ठणठणीत. मी मनाशी हिशेब मांडला: दात सैल आहेत, म्हणून शब्द घसरतायत. दात घट्ट बसले की सगळं ठीक होईल.

"पोरी, कवळी चिकटवायचं काही आहे का?"

"क्रीम आहे, आजोबा. एकच ट्यूब राहिलीये." तिनं खालच्या खणातून काढली. "कोरडी करून लावायची, दाबून धरायचं आणि पाच मिनिटं बोलायचं नाही. एकदम फिट्ट बसते. संध्याकाळपर्यंत निघणार नाही."

"पाचच मिनिटं?" सिंधू म्हणाली. "मोठी ट्यूब नाय का?"

संजना हसली. सिंधूही हसली असती, पण तेवढ्यात बाहेर एक विमान धावत सुटलं, काचा थरथरल्या आणि तिनं काउंटरची कड घट्ट धरली. मग नजर दुसरीकडे लावायची म्हणून तिनं बाळांच्या सामानाच्या खणाकडे मोर्चा वळवला. बाळाचा साबण घेतला, कापूस घेतला, पावडरीचा डबा घेतला. आणि तिथं टांगलेला बोटाएवढा गुलाबी दातांचा ब्रश बघून ती थांबली.

"हे बघ. तुमच्याकडं पण असतोय का हा?" ती संजनाला सांगायला लागली. तिच्या आवाजात आज पहिल्यांदा थोडा जीव आला. "माझी पोरगी झाली ना, कळवणला, माझ्या माहेरच्या दवाखान्यात. तर माझ्या भावानं, मोतीरामनं, तिथल्या आयाबाईच्या हाती सामानाची पिशवी वर पाठवली. कापूस, साबण, अर्धा सांडलेला पावडरीचा डबा आन् दातांचा ब्रश! तासाभराच्या पोरीला ब्रश! दवाखाना हसून हसून लोळला. मग काय, दर भाऊबीजेला मी ओवाळायच्या ताटात तो ब्रश ठेवायची. बिचारा दर वर्षी म्हणायचा, ताई मी नाय पाठवला."

"आणि आजोबा? आजोबा नव्हते तेव्हा?"

"हे?" सिंधूनं माझ्याकडे न बघता ब्रश परत टांगला. "हे गिरणेच्या पुरात होते. चाळीस माणसांची गाडी दोर लावून ओढत होते."

"बाप रे! कधीची गोष्ट?"

"चैत्रातली."

"चैत्रात पूर?"

"यांच्या गाडीपुरता आला होता."

मी ट्यूब उचलली आणि नळ शोधायला सटकलो.

हात धुवायच्या जागी आरशासमोर मी कवळी काढली, पुसली, क्रीम लावली, बसवली आणि दोन्ही जबडे दाबून धरले. क्रीम कसली, सिमेंट होतं ते. पाणी मारून आठवडाभर ठेवलेल्या स्लॅबसारखी कवळी बसली. मी गालातल्या गालात खूश. आता विचार म्हणावं काय विचारायचं ते.

परत आलो तर सिंधू खुर्चीच्या अगदी कडेला बसलेली, सामानाची पिशवी मांडीवर, डोळे घड्याळावर. "आलात? बोलवायला लागलेत. ऐकलंत का? अहो, वर गेल्यावर दरवाजा आतून लावतात ना?"

पाच मिनिटं बोलायचं नव्हतं. मी मान हलवली. हो.

"तुम्ही बघितलंय?"

हो.

"मधे कुठं थांबत नाय?"

नाही.

मान कशी मोकळी हलत होती! पुढे या प्रकरणाचा उलगडा झाल्यावर मी विचार केला, मान माझी होती, ती माझ्यासारखी वागली. सिंधूचा श्वास खाली बसला. तिनं आल्याची वडी तोंडात टाकली आणि पदर खोचला. आता ती उठणार असं मला दिसलं. आणखी एक मिनिट मिळालं असतं तर आम्ही विमानात असतो.

तिचा फोन वाजला. सिंधूला फोन स्पीकरवरच घेता येतो, त्यामुळे तिचे सगळे फोन सगळ्या गावाचे असतात.

"वहिनी, रावजी बोलतोय."

"बोला, भाऊजी. आम्ही निघतोच आता."

"अजाबात घाबरू नका. वाल्मीक लय अनुभवी माणूस हाय. मी सोता त्याच्याबरोबर तीन वेळा गेलोय. एकदा ढगात इंजिन गरम झालं, तर आम्ही गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडलं आन् पंखावर बसून चहा प्यायलो."

सिंधूचं तोंड उघडं राहिलं. रावजी! ज्या माणसानं पाव किलोचा फरक पडला म्हणून आख्खा ट्रॅक्टर परत मोजला होता, तो रावजी पंखावर बसून चहा पीत होता. मी नकळत जिभेनं दात चाचपले.

"भाऊजी, तुम्ही?" सिंधू एवढंच म्हणू शकली.

मग त्यानं कवळी काढून हातात घेतली असावी, कारण पलीकडून आता रडका, फुसफुसता आवाज आला. "वाल्मीक हाय का तिथं? वाल्मीक, अरे मला काय झालंय? सकाळपासून तोंड ऐकत नाय माझं. स्टँडवर एकानं कांद्याचा भाव विचारला, मी म्हणालो दोनशे रुपये किलो. मी म्हणालो म्हटल्यावर कोण इचारतो? अर्धं विंचूर ट्रॅक्टर जुंपून यार्डात गेलंय. चांदवडवरून गाड्या निघाल्यात. मी मागं पळत सांगतोय खोटं हाय, तर तोंडातून येतंय अडीचशे! आत्ता आरशात बघितलं. मागच्या दाढेला तंबाखूचा डाग. मी जन्मात तंबाखूला शिवलो नाय. वाल्मीक, ही कवळी तुझी हाय!"

फोन बंद झाला. की सिंधूनं केला, आठवत नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. वजन घेताना शेतकरी बघत तसं.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "तुमच्या तोंडात रावजी भाऊजींची."

मी दोन्ही हातांनी कवळी ओढायला लागलो. हलेना. संध्याकाळपर्यंत निघणार नाही, पोरीनं सांगितलंच होतं. काउंटरमागून संजना डोळे मोठे करून बघत होती.

"पाच मिनिटं झाली," सिंधू म्हणाली. "आता सांगा. किती वेळा बसलात विमानात?"

मी तोंडावर हात दाबला. बोटांच्या फटीतून आलं, "एकदाही नाही."

आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती नुसती उठली. पिशवी खांद्याला लावली. "चला घरी."

"सिंधू, हर्षाली—"

"हर्षालीला काय सांगायचं ते तुम्ही सांगा. तुम्हाला पूर आणता येतो." ती दाराच्या दिशेनं चालायला लागली, थांबली, दार कुठल्या बाजूला होतं ते तिला आठवेना. उजवीकडे गेली, परत आली. लाडवांचा डबा पिशवीत खडखड वाजत होता. "मी मूर्ख. मी तुमच्यावर इसंबून आले. तिथं पोरगी वाट बघती आन् मी इथं, या काचेच्या घरात. मला नाय जमायचं. नाय जमायचं मला. कशाला बोललात खोटं?"

हैदराबादच्या प्रवाशांसाठी शेवटची सूचना, असं वरून कुणीतरी म्हणालं.

खोटं कशाला बोललो? माझ्याकडे त्याची डझनभर उत्तरं होती. तिच्या काळजीपोटी. पोरीच्या मायेपोटी. तोंड उघडलं आणि ते दात आपलं काम करत राहिले. काट्यावर पोतं ठेवल्यासारखं एकेक वाक्य बाहेर पडत गेलं.

"तू एकटी गेली नसतीस. आणि मला एकट्याला पाठवून उपयोग नव्हता. मी पोचलो असतो, पण खालीच बसून राहिलो असतो. तेव्हा बसलो होतो तसा."

ती वळली. "तेव्हा कधी?"

मी ओठ आवळले. गाल आतून चावले. पण चावायलाही दात रावजीचेच होते.

"कळवणला. दवाखान्यासमोर चिंच आहे, तिच्याखाली. सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंत."

"तुम्ही चांदवडला पत्ते कुटत होतात," सिंधू म्हणाली. तिनं हे एकतीस वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. मला वाटत होतं, तिनं पूर गिळलाय. तिनं मला पत्त्यांत बसवून ठेवलं होतं. "मला ठाऊक हाय. चैत्रात पूर येत नसतो. मी कधी इचारलं नाय."

"चिंचेखाली होतो. खिडकी उघडी होती. तुझं ओरडणं खाली येत होतं. घाटात ब्रेक फेल झालेली गाडी मी खाली आणलीय, पण ते ऐकवेना. तीनदा जिन्यापर्यंत गेलो. चौथ्या पायरीवर पाय थांबायचे. परत यायचो."

"खोटं."

"दात रावजीचे आहेत."

तिनं पिशवी खांद्यावरून खाली उतरवली.

"एक आया खाली आली. म्हणाली, पेशंटचं कोण आहे, सामान आणा. मी समोरच्या मेडिकलमध्ये गेलो. म्हणालो, बाळाला लागतं ते सगळं द्या. त्यानं कापूस दिला, साबण दिला, पावडर दिली. मी म्हणालो, अजून? तो म्हणाला, अजून काय लागतंय? मला वाटलं, एवढंसंच कसं पुरेल. तिथं ब्रश टांगलेला होता."

"मोतीरामनं—"

"मी. पिशवी घेऊन स्वतः वर यायचं ठरवलं होतं. चौथ्या पायरीवर हात थरथरला, डबा पडला, झाकण उडालं. निम्मी पावडर सांडली. आया म्हणाली, द्या इकडं, मी नेते."

सिंधू खाली बसली. खुर्चीवर नाही, तिथंच, मेडिकलच्या समोर फरशीवर, स्वयंपाकघरात बसते तशी. "पावडरीवरून मी त्याला चिक्कट म्हणायची," ती म्हणाली. "म्हणायची, बहिणीला डबा दिला तोपण वापरलेला. भावानं किती शपथा घेतल्या. गेला त्या वर्षी, शेवटच्या भाऊबीजेला, तर नुसता हसला. म्हणाला, बरं ताई, मीच पाठवला."

"मी सांगितलं असतं, पण मग तू विचारलं असतंस, खाली होतात तर वर का नाही आलात."

"मग इचारलं असतं!"

पुन्हा वरून सूचना झाली, आता आमची दोघांची नावं घेऊन. निळ्या कपड्यांतला एक माणूस हात हलवत आमच्याकडे पळत येत होता. बोलण्यासारखं खरं संपलं होतं आणि खोटं निघत नव्हतं. हर्षालीचे तीन शब्द माझ्या कानात वाजत होते. सिंधूच्याही वाजत असणार, कारण ती फोनकडे बघत होती आणि फोन गप्प होता.

मग तिनं डोळे पुसले, ओल्या रुमालानं नाही, पदरानंच, आणि काउंटरला धरून उठली.

"पोरी, तो ब्रश दे."

"आजी, तो दात आल्यावर—"

"ठाऊक हाय. दे." तिनं ब्रश पिशवीत टाकला आणि माझा दंड धरला. "उठा. रोहितराव पण असंच करणार. पुरुषांची जात. पाच वाजता पोरीला आत नेतील आन् हे जाऊन बसतील कुठल्यातरी चिंचेखाली."

"हैदराबादला मोठ्या दवाखान्यासमोर चिंच कुठली असणार?"

"असेल. तिकडं चिंच लय खातात. कुणीतरी वर जायला पाहिजे ना? चला!"

आणि ती सुटली. मी तुम्हाला सांगतो, निळ्या कपड्यांतला माणूस आम्हाला न्यायला आला होता, त्याला आमच्या मागून पळावं लागलं. बसमध्ये ती बसली नाही, दांडा धरून उभी राहिली. विमानाजवळ वारा असा होता की माझी टोपी उडून सरळ पिंपळगावच्या दिशेनं गेली, कुणाला मिळाली तर माझी आहे. सिंधूचा पदर फडफडत होता, तोंड पांढरंफटक पडलं होतं, तोंडात आल्याची वडी गालाखाली दाबलेली. ती विमानाच्या जिन्याची पहिली पायरी चढली. दुसरी. डोळे मिटून घेतले होते, पण चढत होती.

मी तिच्या मागे लाडवांचा डबा घेऊन. एक. दोन. तीन. चार.

चौथ्या पायरीवर माझे पाय थांबले. मी खाली बघितलं, वर बघितलं. वरच्या दारात उभी असलेली मुलगी हसून नमस्कार करत होती, पण माझे पाय काही हलेनात. माझ्यामागे तो निळ्या कपड्यांतला माणूस म्हणाला, "चलिए, बाबा, चलिए."

सिंधू दारातून मागे वळली. तिनं डोळे उघडले होते.

"तिथं पोचल्यावर," वाऱ्यात ऐकू यावं म्हणून ती ओरडून म्हणाली, "खाली थांबायचं नाय. माझ्याबरोबर वर यायचं. येणार का?"

मी तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो. उत्तर काय येणार ते मलाच माहीत नव्हतं. त्या दातांतून आता काहीही येऊ शकत होतं. सिंधू माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मीही, जमलं असतं तर, माझ्या तोंडाकडेच बघत राहिलो असतो.

"येणार," दात म्हणाले.

सिंधूनं मान हलवली, जशी मापाड्यानं आकडा पुकारल्यावर हलवतात, आणि आत गेली. मी पाचव्या पायरीवर पाय ठेवला.